बिजागरीत हळद

गेल्या मार्चमधली गोष्ट. हळदीचे सौदे ऐन भरात होते. मार्केट यार्डातले एक शेठ दुकानात आले आणि काउंटरवर घडीचा फोन ठेवून म्हणाले, "उघडताना करकर वाजतोय. बघ की काय झालंय." मी फोन अर्धवट उघडला आणि बिजागरीवरून मऊ ब्रश फिरवला. ब्रश पिवळा झाला. सांगलीत राहणाऱ्याला ते काय आहे हे सांगावं लागत नाही, वासच पुरे.

मी २००६ पासून मोबाइल दुरुस्त करतो. सुरुवातीच्या काळात माझं निम्मं घर घडीच्या फोननेच चालवलं. मोटोरोलाच्या रेझरची तेव्हा चलती होती. २००४ साली आलेल्या त्या मॉडेलचे जगभरात तेरा कोटींच्या वर फोन खपले. बिजागरीतून जाणारी पातळ पट्टी उघडझाप करून चिरायची आणि पडदा पांढराफटक पडायचा. पट्टी बदलली की फोन चालू, गिऱ्हाईक खूश. पुढे टचस्क्रीन आले आणि फोनची घडी गेली. बिजागरी वाईट होती म्हणून गेली नाही. फोनचं सगळं तोंडच काचेचं झालं, आणि काच वाकत नाही, म्हणून गेली.

मग काच वाकायला लागली. कशी, ते स्वयंपाकघरात कळतं. ओला पापड दुमडतो, वाळलेला मोडतो. पण वाळलेलाच पापड कागदाहून पातळ लाटता आला तर तोही थोडा वाकेल. घडीच्या फोनमध्ये काच असते ती साधारण तीस मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्मीच. तिच्याखाली प्रकाश देणारा थर असतो, तो काचेऐवजी प्लास्टिकवर चढवलेला. जुन्या एलसीडी पडद्याला मागून दिवा लागायचा, त्यामुळे त्याची अशी घडी करणं अवघड. ओलेडचा ठिपका न ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून हे जमलं.

आता एक फुलस्केप वही घ्या आणि मधोमध वाकवा. पानांच्या कडा तिरक्या सरकतात, कारण बाहेरच्या पानाला लांबचा वळसा पडतो आणि आतल्याला जवळचा. हीच पानं डिंकाने घट्ट चिकटवली तर वही वाकणारच नाही. म्हणून पडद्याचे थर मऊ, सरकू देणाऱ्या डिंकाने जोडतात आणि सगळ्यात नाजूक थर अशा जागी बसवतात जिथे ताणही कमी आणि दाबही कमी. मधे जी चुणी दिसते ती मुख्यतः या थरांच्या आणि डिंकाच्या थकण्याची. नव्या बिजागऱ्यांत पडदा बंद होताना आत पाण्याच्या थेंबासारखा गोल वळतो, त्यामुळे चुणी आता फिकी झाली आहे. बोटाला मात्र लागते.

शेठांनी हा फोन मिरवायला घेतलेला नव्हता, हे आधी सांगतो. त्यांना मी पेढीवर पाहिलंय. फोन उघडला की एका बाजूला हळदीचा वायदा, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले नमुन्याचे फोटो. पूर्वी ते याच कामाला दोन फोन आणि एक चष्मा वापरायचे. आता एक फोन आणि तोच चष्मा. माझ्या मते घडीच्या मोठ्या फोनचा खरा उपयोग हाच: दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणं. नकाशे, लांबलचक पीडीएफ, हिशेबाचे तक्ते. सिनेमासाठी घेणार असाल तर फसाल. पडदा उघडला की जवळजवळ चौकोनी होतो, आणि सिनेमा असतो आडवा. वर-खाली काळ्या पट्ट्या पडतात आणि चित्र साध्या मोठ्या फोनपेक्षा थोडंसंच मोठं दिसतं. दुकानात हे दाखवलं की बरेच जण गप्प होतात.

म्हणजे ज्याला हा फोन खरोखर लागतो तो माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि त्याच माणसाच्या कामाच्या जागेने फोन मारला होता. शेठांची तक्रार एकच होती: "वॉटरप्रूफ आहे म्हणाले होते."

होताच. फोनच्या खोक्यावर 'आयपी ४८' असं काही लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आठ म्हणजे पाण्यात बुडाला तरी ठरलेल्या वेळेपर्यंत टिकेल. चार म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू आत जाणार नाही. मोहरीचा दाणा अडेल. हळदीची पूड कशी अडेल? घडी नसलेल्या महाग फोनवर बहुधा ६८ असतं, आणि सहा म्हणजे धूळ पूर्ण बंद. घडीच्या फोनमध्ये गुगलने २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डला ६८ पर्यंत नेलं. सॅमसंगचा त्याच वर्षीचा फोल्ड ७ मात्र ४८ वरच आहे. बादलीत पडला तर वाचेल, हळदीच्या गाळ्यावर फिरला तर सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात 'फोल्डर' हा शब्द फार जुना. डिस्प्ले आणि टच जोडून येणारा संच म्हणजे फोल्डर, मग फोन घडीचा असो वा नसो. हळदीने आतला पडदाही गेला होता, म्हणून मी होलसेलवाल्याला फोन लावून विचारलं, "फोल्डचा फोल्डर आहे का?" तो आधी हसला आणि मग म्हणाला, सुटा मिळणार नाही, कंपनीच्या सेंटरलाच जा. सेंटरने आतल्या पडद्याचा खर्च चाळीस हजारांच्या पुढे सांगितला. तेवढ्यात उत्तम नवा फोन येतो.

घडीच्या या फोनवर माझा सुरुवातीपासूनच भरवसा नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मी दोन महिने भिजलेलेच फोन उघडत बसलो होतो. सॅमसंगचा पहिला फोल्ड त्याच वर्षीचा. एप्रिलमध्ये येणार होता, पण परीक्षणाला दिलेले काही फोन चार दिवसांत बिघडले आणि विक्री सप्टेंबरवर गेली. भारतात तो ऑक्टोबरमध्ये आला, १,६४,९९९ रुपयांना. वजन पाव किलोच्या वर. मी तेव्हा मित्रांना सांगितलं होतं, दोन वर्षांत हे खेळणं बंद पडणार. माझं चुकलं. फोल्ड ७ चं वजन २१५ ग्रॅम आहे. त्याच कंपनीचा न वाकणारा एस २५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा. पूर्वी दोन लाख घड्यांच्या चाचणीचा दावा करत, आता पाच लाखांचा करतात. दिवसाला शंभरदा उघडलात तरी तेरा वर्षं. बिजागरी आता माझ्या काळजीचा विषय नाही. पण म्हणून लोक तुटून पडलेत असंही नाही. जगात विकल्या जाणाऱ्या शंभर स्मार्टफोनमध्ये घडीचे दोनसुद्धा नसतात. २०१८ मध्ये सगळ्यांच्या आधी असा फोन बाजारात आणणारी रोयोल ही चिनी कंपनी तर दिवाळखोरीत गेली.

राहिला डबीसारखा मिटणारा छोटा फ्लिप. त्याला मी निव्वळ शोभा म्हणत असे. उघडला की साधाच फोन, मिटला की अर्धा, यात मिळवलं काय? मग मिरजेत नर्स असलेल्या माझ्या मामेबहिणीने तो घेतला. पेशंटला उठवायला वाकली की एप्रनच्या खिशातून तिचा लांबडा फोन फरशीवर पडायचा. दोनदा मीच डिस्प्ले बदलून दिला होता. नवा फोन खिशात पूर्ण बुडतो. वसतिगृहातल्या मुलाशी बोलताना ती तो काटकोनात उघडून ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटते. "दादा, तुझं एक गिऱ्हाईक कमी झालं," असं तिने मला ऐकवलं. असे फोन पन्नास हजारांच्या आसपासही येऊन गेलेत, त्यामुळे शोभा म्हणून घेणाऱ्याचंही फार नुकसान नाही.

शेठांनी पुण्याला पाठवून पडदा बदलून घेतला. आता तो फोन पेढीवरच राहतो आणि गाळ्यावर जाताना ते आठ हजारांचा साधा फोन नेतात. म्हणजे पुन्हा दोन फोन झाले, हे मी त्यांना बोललो नाही.

घ्यायचाच असेल तर रंग बघण्याआधी दोन प्रश्न विचारा: आतल्या पडद्याचा खर्च किती, आणि तो बदलणारं सेंटर तुमच्या गावापासून किती लांब. तुम्ही गिरणीत, शेतात, बांधकामावर किंवा यार्डात दिवस काढत असाल तर धुळीचा आकडा सहा असल्याशिवाय घेऊ नका. आणि आतल्या पडद्यावर एक पातळ फिल्म असते, ती टेम्पर समजून सोलू नका. २०१९ मध्ये परीक्षकांपैकी काहींनी ती सोलली होती. माझ्याकडे आलेल्या घडीच्या अकरा फोनपैकी दोन फोनांच्या मालकांनीही सोलली होती. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.