जात्याजवळचें निमंत्रण



आपला धर्म दुसऱ्याला कसा सांगावा, हा प्रश्न जितका जुना तितकाच नाजूक आहे. आपणांस जें सत्य व प्रिय वाटतें तें शेजाऱ्याजवळ बोलावें, ही इच्छा स्वाभाविकच होय. परंतु बोलण्याची रीत चुकली कीं ऐकणारा मनाचें दार लावून घेतो. मग धर्म तर राहोच, शेजारधर्मही उरत नाहीं. इस्लामपुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर आपल्या दख्खनमध्येंच सांपडतें, आणि तेंही जात्याजवळ.

इस्लामची ओळख इतरांस करून देण्याला 'दावत' म्हणतात. दावत म्हणजे बोलावणें. उर्दूंत हाच शब्द मेजवानीलाही लावतात, आणि ही जोडी विचार करण्यासारखी आहे. आमंत्रण देणारा पान वाढतो, आग्रहही करतो; पण पाहुण्याच्या तोंडांत बळेंच घांस कोंबीत नाहीं. कुराणाचा रोखही असाच आहे. सोळाव्या अध्यायांत, लोकांस शहाणपणानें व गोड उपदेशानें बोलवावें आणि वाद करणें झाल्यास तोही उत्तम रीतीनें करावा, असें सांगितलें आहे. धर्माच्या बाबतींत सक्ती नाहीं, हें दुसऱ्या अध्यायांत आहे. आणि इतर लोक ज्यांची आराधना करतात त्यांना अपशब्द बोलूं नयेत, असें सहाव्या अध्यायांत बजावलें आहे.

आतां विजापूरकडे वळूं. आदिलशाहीच्या काळांत तेथें चिश्ती सूफींचें एक घराणें नांवारूपास आलें. शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला, अशी ही परंपरा. अमीनुद्दीन 1675 मध्यें निवर्तले. विद्वानांची भाषा त्या वेळीं अरबी आणि फारसी. या सूफींनीं मात्र दखनी बोलींत लिहिलें, आणि सामान्य लोकांस अरबी-फारसी येत नाहीं, हें त्याचें कारणही सांगितलें. संस्कृत सोडून मराठींत लिहिल्याबद्दल आपल्या एकनाथांनाही असेंच समर्थन करावें लागलें होतें.

याच परंपरेंतून 'चक्कीनामा' नांवाचीं गाणीं निर्माण झालीं. चक्की म्हणजे जातें. जात्यावरच्या ओव्या आपल्या कानांत आहेतच. त्याच वळणाचीं हीं दळतांना म्हणावयाचीं गीतें होत. सूत कांततांना म्हणावयाचे 'चरखानामे' निराळे. जात्याचा उभा खुंटा म्हणजे 'अलिफ' हें अक्षर, आणि अल्लाचें नांव त्याच अक्षरानें सुरू होतें; वरचा दगड ज्या आंसाभोंवतीं फिरतो तो आंस म्हणजे पैगंबर. रोज हाताखालीं असलेल्या वस्तूंतूनच असा अर्थ उलगडला जाई. येथें कोणाच्या देवाची निंदा नव्हती, वादाचें आव्हान नव्हतें. दळण चालूं राही आणि विचार सोबत येई.

अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनीं 1978 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या गीतांचा अभ्यास केला आहे. धर्मांतर घडवून आणावें एवढ्याच हेतूनें तीं रचलेलीं दिसत नाहींत, आणि त्यांचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या सावकाश झाला, असा त्यांचा अभिप्राय आहे. दख्खनच्या इतिहासांत तलवार नव्हती असें कोणीच म्हणणार नाहीं. पण घराघरांतील स्त्रियांच्या ओठीं जें बसलें तें तलवारीनें बसविलेलें नव्हतें.

आज शहरांतील घरांतून जातें गेलें. परंतु रीत जाण्याचें कारण नाहीं. ईदला शेजारी घरीं आला आणि रोजा कां धरतां असें त्यानें विचारलें, तर त्याला कळेल अशा मराठींत, स्वतःच्या अनुभवानें सांगावें. न विचारतां व्याख्यान देऊं नये. त्याच्या श्रद्धेचें कांहीं ऐकावयाचें असेल तर तेंही तितक्याच आस्थेनें ऐकावें. आणि एवढें करूनही त्याला आपलें म्हणणें पटलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं जिन्यांत भेटतांना आपल्या चेहऱ्यावरचें हंसूं कमी होतां कामा नये. नाहीं तर तें निमंत्रण नव्हतें, सौदा होता, असाच त्याचा समज होईल. आणि तो चुकीचाही म्हणतां येणार नाहीं.