सुब्रह्मण्यम यांचा हिशेब

१९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम सत्तर वर्षांचे झाले. सरकारी सेवा संपून बारा वर्षे होऊन गेली होती. तरीही त्या एका वर्षात देशाच्या सुरक्षेची दोन अवघड कामे त्यांच्याकडे आली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक म्हणून त्यांनी अण्वस्त्र धोरणाचा मसुदा तयार करून घेतला. कारगिलची लढाई संपताच नेमलेल्या आढावा समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण देऊ केले आणि त्यांनी ते नाकारले. सनदी अधिकारी आणि पत्रकार यांनी सरकारकडून सन्मान घेऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः दोन्ही होते.

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांचे वडील ही त्यांची आजची ओळख. पण भारताने सामरिक प्रश्नांवर उघडपणे, आकडे मांडून विचार करावा, ही सवय लावण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. गंमत म्हणजे ते परराष्ट्र सेवेत कधीच नव्हते आणि लष्करातही नव्हते. तिरुचिरापल्लीत १९२९ मध्ये जन्म, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण आणि १९५१ मध्ये आयएएस, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्या काळात सुब्रह्मण्यम त्याच मंत्रालयात उपसचिव होते. सैन्याची पुनर्बांधणी हे चव्हाणांचे काम सर्वांच्या लक्षात राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर १९६५ मध्ये, संरक्षणविषयक अभ्यासासाठी 'आयडीएसए' ही संस्था दिल्लीत उभी राहिली, याचा मात्र फारसा उल्लेख होत नाही. सरकारच्या पैशावर चालणारी, पण सरकारी खाते नसलेली ही संस्था. १९६८ मध्ये सुब्रह्मण्यम तिचे संचालक झाले. आज तिला गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचे नाव आहे.

फायलीवर शेरा मारून गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मार्च १९७१ च्या अखेरीस पूर्व पाकिस्तानात लष्करी दडपशाही सुरू झाली आणि निर्वासितांची रीघ लागली. भारताने हस्तक्षेप करावा, असे सुब्रह्मण्यम यांनी दिल्लीतल्या एका परिसंवादात सांगून टाकले. पुढच्या महिन्यांत त्यांनी त्याला हिशेबाची जोड दिली: लाखो निर्वासितांना वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा छोटे युद्ध स्वस्त पडेल. सरकारने घाई केली नाही. सैन्याची तयारी, पावसाळा आणि हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होण्याची वेळ या गोष्टी पाहूनच पावले पडली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, डिसेंबरमध्ये युद्ध. तोवर निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली होती. सल्ल्याची दिशा बरोबर ठरली, वेळापत्रक सरकारचे होते. शिवाय उघड बोलण्याची किंमतही होती. भारताने आधीपासूनच पाकिस्तान फोडण्याचा कट केला होता, याचा पुरावा म्हणून पाकिस्तानने त्यांचेच वाक्य जगापुढे नाचवले.

नंतरची कारकीर्द सरळ रेषेत गेली नाही. आणीबाणीच्या काळात ते तामिळनाडूचे गृहसचिव होते. १९७७ पासून दोन वर्षे केंद्राच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष, मग संरक्षण उत्पादन सचिव. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि सुब्रह्मण्यम यांना सचिवपदावरून दूर केले गेले. जयशंकर यांनी मुलाखतीत ही सल बोलून दाखवली आहे. सुब्रह्मण्यम पुन्हा 'आयडीएसए'त आले आणि १९८७ पर्यंत तिथे राहिले. त्यानंतर वृत्तपत्रांतले स्तंभ हेच त्यांचे व्यासपीठ झाले.

अण्वस्त्रांबाबत त्यांना 'युद्धखोर' म्हणणारे पुष्कळ होते. अण्वस्त्रप्रसारबंदी करार मूठभर देशांची मक्तेदारी टिकवतो, तेव्हा भारताने त्यावर सही करू नये आणि बॉम्बचा पर्याय हाती घ्यावा, असे ते दशकानुदशके लिहीत राहिले. पण मसुदा लिहायची वेळ आली तेव्हा या 'युद्धखोरा'ची भूमिका संयमाची होती. त्यांच्या मते अण्वस्त्र लढण्याचे हत्यार नव्हे; समोरच्याने ते वापरू नये, एवढ्यासाठीच ते बाळगायचे. मग शेकडोंचा साठा कशाला? पहिला वापर आपण करायचा नाही, मात्र आपल्यावर हल्ला झाल्यास प्रत्युत्तर चुकणार नाही इतकी तजवीज ठेवायची. मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी जाहीर झाला. प्रथम वापर न करण्याचे सूत्र जानेवारी २००३ मध्ये काही बदलांसह अधिकृत धोरण झाले. पुढे अमेरिकेबरोबरच्या अणुकराराला त्यांनी पाठिंबा दिला तेव्हा डावे आणि भाजप दोघेही विरोधात होते. सुब्रह्मण्यम यांना त्यात विसंगती वाटत नव्हती: जुन्या करारावर सही न करता अणुव्यापाराची दारे उघडत असतील, तर भारताचे म्हणणे जगाने मान्य केले असाच त्याचा अर्थ होता.

कारगिल समिती हे मात्र त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. ले. जन. के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीस आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र यांच्यासह त्यांनी काही महिन्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेपुढे ठेवला गेला आणि पुस्तकरूपाने बाजारातही आला. सुरक्षेविषयीचा सरकारी अहवाल सामान्य वाचकाला विकत मिळणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, जरी त्यातले काही भाग गाळलेले होते.

घुसखोरीचा पत्ता आधी का लागला नाही, हा मूळ प्रश्न. वेगवेगळ्या यंत्रणांकडे माहितीचे तुकडे होते, ते एकत्र जोडून पाहणारे कोणी नव्हते, असे समितीला आढळले. हे जोडकाम करायची ती संयुक्त गुप्तवार्ता समिती दुर्लक्षित पडली होती. वीस वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत बसलेल्या माणसाला हे दुखणे नवे नव्हते. ब्रिटिश लष्करी अधिकारी लॉर्ड इस्मे यांनी स्वातंत्र्याच्या वेळी आखून दिलेला संरक्षण व्यवस्थेचा सांगाडा बावन्न वर्षांनी जवळपास तसाच आहे, यावरही अहवालाने बोट ठेवले. व्यक्तिशः जबाबदारी मात्र कोणावर ठेवली नाही. व्यवस्थेला दोष देऊन माणसांना सोडून दिले, ही टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती.

पण व्यवस्थेचे काम पुढे सरकले. मंत्रिगट नेमला गेला, त्याच्या मदतीला चार कृतिदल आले. सीमा व्यवस्थापनाच्या दलाचे प्रमुख होते माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले. लष्करी गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र संस्था झाली, तांत्रिक टेहळणीसाठी 'एनटीआरओ' आली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने दुसरे पद सांभाळू नये, ही समितीची शिफारस २००४ मध्ये अमलात आली. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा, असे मंत्रिगटाने २००१ मध्ये सुचवले. ते पद जानेवारी २०२० मध्ये भरले गेले. सुब्रह्मण्यम यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे होत आली होती.

सल्लागाराच्या हाती सही नसते. त्याचे म्हणणे टिकते ते त्याने मांडलेला हिशेब दुसऱ्याला तपासता येतो म्हणून. दिल्लीत आज परराष्ट्र धोरणावर बोलणारे तज्ज्ञ आणि संस्था पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, रोज संध्याकाळी त्यातले काही आपल्या घरातल्या पडद्यावरही येतात. त्यांना पारखायला सुब्रह्मण्यम यांच्या आयुष्यातून तीन प्रश्न सहज मिळतात. हा माणूस सत्ताधाऱ्यांना न रुचणारे कधी लिहितो का? आपल्या मतामागचे आकडे तो दाखवतो का? आणि सरकार त्याला काय देऊ करते, त्यातले तो काय नाकारतो?