मामा तलाव आणि महासागरातील बेटे

भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो कोसांवर आहे; तथापि बड्या राष्ट्रांनी चिमुकल्या द्वीपराष्ट्रांच्या सागरी उपजीविकेस कसे साहाय्य करावे, हा प्रश्न येथील एखाद्या तलावाच्या पाळीवर बसूनही उमगतो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने धान व उसासाठी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणूनच लोक त्यांस ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि १९५१ साली मालगुजारी नष्ट होताच ते सरकारजमा झाले. मालक बदलला, परंतु दरसालच्या डागडुजीचा वाली कोणी उरला नाही, गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, आणि मासे व शिंगाडा यांवर जगणारा ढिवर समाज ठेक्याच्या कागदांत अडकला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मात्र ढिवरांच्याच अनुभवास प्रमाण मानून काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. बाहेरच्याने द्यावयाचा हात तो हाच!

महासागरातही असाच हात दिसतो. २०१८ साली सेशेल्स या द्वीपराष्ट्राने दीड कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’, म्हणजे समुद्राच्या जपणुकीसाठीचे कर्जरोखे, विकले, तेव्हा जागतिक बँकेने पन्नास लाखांची हमी पत्करली. कर्ज सुलभ झाले, समुद्राचा कारभार मात्र सेशेल्सकडेच राहिला. याउलट, अल्प मोबदल्यात परवाने घेऊन दूरदेशीच्या जहाजांनी टुना उपसून न्यावा, याला फार तर सौदा म्हणावे. नौरू करारातील प्रशांत महासागरी द्वीपराष्ट्रांनी एकजुटीने मासेमारीचे दिवस मोजून विकण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे त्यांच्या तिजोरीत रास्त भर पडू लागली.