वेरूळचा धबधबा आणि छायाचित्रकाराची ईर्यासमिती

वेरूळला जाणारे यात्रेकरू बहुधा कैलास लेणे पाहून वाहनाने थेट इंद्रसभेपाशी उतरतात. मधले एक दृश्य त्यामुळे निसटते. २९ क्रमांकाच्या धुमार लेण्याशेजारी वेळगंगेचा ओढा कड्यावरून खाली झेपावतो. ‘सीतेची न्हाणी’ या नावाने हे स्थळ ओळखले जाते. उन्हाळ्यात येथे काळा खडक उघडा पडतो. पावसाळ्यात धबधबा गर्जू लागतो.

ओढा लहान असला तरी त्याचा परिसर इतिहासाने भरलेला आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे वेरूळचेच. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर मंदिरही येथलेच. उत्तरेस ३० ते ३४ ही जैन लेणी असून ती मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. डोंगरावरील पार्श्वनाथ मूर्तीच्या शके ११५६ मधील लेखात दाता चक्रेश्वर याचे नाव आहे, आणि हा डोंगर चारणमुनींच्या वावराने पावन झाल्याचा उल्लेखही आहे. लेणी कोरणे थांबल्यावरही येथील श्रद्धा आटली नव्हती, हेच त्यावरून दिसते.

मेजर रॉबर्ट गिल यांनी टिपलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळच्या ओल्या काचपट्टीला प्रकाश दीर्घकाळ द्यावा लागे. वाहते पाणी धुक्यासारखे उमटे. आज तोच परिणाम अर्ध्या सेकंदाच्या शटरगतीने हेतुपूर्वक साधता येतो. १/५०० सेकंदात मात्र थेंबन् थेंब गोठतो. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी तेथे सौम्य सावली असते. दुपारच्या उन्हात पाण्याचा पांढरा भाग तपशील हरवतो. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. मंगळवारी लेणी बंद असतात.

खरी कसोटी मात्र पावलांची आहे. धबधबा भरतो तो चातुर्मासात, म्हणजे जीवरक्षणासाठी साधू-साध्वी विहार थांबवतात त्याच दिवसांत. श्रावकाला प्रवासाची तशी बंदी नाही. परंतु जवळचा कोन मिळवण्यासाठी ज्या शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवावा लागतो, ते शेवाळ अनंतकाय आहे आणि खालचे पाणी अप्काय. शिवाय ओला खडक माणसाचाही जीव घेऊ शकतो.

म्हणून बांधलेली वाट सोडू नये. जवळचे चित्र हुकेल. पण दुरून घेतलेल्या चौकटीत कडा, लेण्याचे खांब आणि पाणी एकत्र सामावतात. ओढ्याचा इतिहास त्या चित्रातच अधिक स्पष्ट दिसतो, आणि ते घेताना कोणताही जीव पायाखाली आलेला नसतो.