जुनी होडी आणि घरी सांगितलेली वेळ

खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या मांगरात नांगर आणि जू असते, तशी पुष्कळ ठिकाणी एक होडीही असते. पूर्वी पलीकडच्या शेतावर जायला, भात वाहून आणायला, बाजार गाठायला तिचाच आधार होता. पुढे रस्ते झाले, पूल झाले आणि होड्या पालथ्या पडल्या. आमची होडीही वडील गेल्यावर आठ वर्षे मांगरात पालथी पडून होती. दिवाळीनंतर ती दुरुस्त करून घेतली आणि माघात तीन दिवस, दोन रात्री एकट्याने कर्ली खाडीत फिरून आलो. त्यासाठी काय तयारी लागली ते इथे सांगतो. घाटावरच्या वाचकांकडे खाडी नसली तरी धरण-तलाव आहेतच. त्यांनाही यातले बरेचसे कामी येईल.

होडी कशी पारखावी

आमची होडी म्हणजे आंब्याच्या एका बुंध्यातून कोरलेला तळ, त्यावर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या फळ्या आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी. उलांडी म्हणजे पाण्यावर तरंगणारा हलका ओंडका. आमची पांगाऱ्याची आहे. होडी अरुंद असली तरी उलांडीमुळे ती सहसा कलंडत नाही. मात्र उलांडी एकाच बाजूला असते हे विसरू नये. होडीत उभे राहायचे झाले तर अंगाचा भार उलांडीच्या बाजूला ठेवावा.

जुने लाकूड डोळ्यांनी पाहून भागत नाही. कोयत्याचे टोक टोचत टोचत सगळा तळ तपासावा. टोक जिथे सहज आत जाते तिथे लाकूड कुजले असे समजावे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जीवही असतो. बाहेर त्याचे टाचणीएवढे भोक दिसते, पण आत बोटभर पोकळ झालेले असते. आमच्या होडीचा तळ शाबूत निघाला. दोन फळ्या आणि सगळी शिवण मात्र बदलावी लागली.

गावच्या सुतारांनी चार दिवस काम केले. फटींत कापूस आणि राळ-तेल ठासले. जिथे खिळे लागले तिथे तांब्याचे वापरले, कारण साधे लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते आणि भोवतालचे लाकूडही खराब करते. बाहेरून काजूच्या टरफलाचे तेल दिले. हे तेल कातडी जाळते. तेव्हा हातमोजे घालूनच ते लावावे आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. मग होडी काठाच्या उथळ पाण्यात दोन दिवस बांधून ठेवली. पहिल्या दिवशी आत पाणी आले, दुसऱ्या दिवशी लाकूड फुगून बहुतेक फटी मिटल्या. दुरुस्त केलेली होडी अशी बांधून पाहिल्याशिवाय खोल पाण्यात नेऊ नये.

तिथी आणि वारा

किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईकडे हा हिशेब बराच जुळतो. आमच्याकडे दक्षिणेला भरती त्याच्या काहीशी आधी येते, म्हणून स्थानिक माणसाला विचारून फरक धरावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, ओढ कमी. एकट्या माणसाला भांगच बरी.

म्हणून वसंत पंचमीला निघायचे आणि रथसप्तमीच्या सकाळी परतायचे असे ठरवले. पंचमीला दुपारपर्यंत भरती चढत होती, शिवाय दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात. दोन्ही मिळून होडी वरच्या अंगाला आपसूक गेली. सप्तमीला पहाटेपासून ओहोटी आणि डोंगराकडून येणारे मतलई वारे, म्हणजे परतीलाही तीच सोय. पाण्याच्या उलट वल्हवणारा माणूस लवकर थकतो आणि थकलेल्या माणसाचा निर्णय चुकतो.

जाण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, वारा अचानक उठतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आत कितीही जण असोत आणि पाणी कितीही ओळखीचे असो, अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. पोहता येते हे कारण पुरेसे नाही.

घरी दिलेला शब्द

एकट्याने जायला घरून विरोध झाला. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "जातास तर जावा, पण येतलास कधी तां सांगान जावा." त्यावरून आम्ही कागदावर लिहूनच काढले : पहिली रात्र कुठे, दुसरी कुठे, सप्तमीला दहाच्या आत घरी. रोज संध्याकाळी सातला फोन. फोन आला नाही तर मुलाने मोटारसायकलवरून मुक्कामासमोरच्या रस्त्यावर यावे आणि कंदील दिसतो का ते पाहावे. कंदील दिसला तर सर्व ठीक. नाही दिसला तर शेजाऱ्यांची यांत्रिक होडी काढावी.

खाडीतले दोन दिवस

सामान थोडकेच घेतले : तांदूळ, मीठ-मसाला, आगळ, तवा, टोप, ताडपत्री, कंदील, विजेरी, कोयता, पंधरा लिटर पिण्याचे पाणी, जादा वल्हे, नांगराचा दगड आणि दोर, पाणी उपसायला डबा. मासेमारीला पाग आणि चार गऱ्या. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेतला.

पहिला मुक्काम नेरूरपार पुलाच्या वरच्या अंगाला, ओळखीच्या नारळ-पोफळीच्या बागेत मालकाला विचारून केला. काठावर सुक्या पानांची, काटक्यांची जी रेघ दिसते ती भरतीची खूण. मुक्काम तिच्या बराच वर करावा. मासे साफ करून घाण मुक्कामाजवळच्या पाण्यात टाकू नये. कुडाळजवळ भंगसाळ नदीत मगरी दिसतात आणि ते पाणी पुढे याच खाडीला येते. त्या संध्याकाळी पागात बोय आणि मुडदुशा मिळाल्या. गरीला शेंगटी लागली. तिचा काटा विषारी, तेव्हा गरी काढण्याआधी तो मोडावा. बोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दुखणे वाढले तर डॉक्टर गाठावा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मधल्या पाण्यात जड मासा गरीला लागला. एकदा वर आला तेव्हा लाल पाठ दिसली, तांबोशीच होती. तो होडी खेचत होता आणि त्याच वेळी वारा वाढून लाटा फुटू लागल्या. एका हाताने दोरी धरून दुसऱ्या हाताने वल्हवता येत नाही. दोरी कापली आणि काठ धरला. असा मासा आमच्या खाडीत रोज लागत नाही, हळहळ वाटली. पण दोघे असते तर गोष्ट वेगळी होती. एकट्याने काय सोडायचे हे घरूनच ठरवून निघावे लागते.

त्या मुक्कामावर फोन लागला नाही. साडेसातच्या सुमारास पलीकडच्या रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा थांबला. मी कंदील वर उचलला. तिकडून दिवा दोनदा उघडमीट झाला आणि मुलगा घरी परतला. त्या रात्री घरचेही झोपले आणि मीही.

सप्तमीला पहाटे उठून ओहोटीबरोबर निघालो आणि नवाच्या सुमारास घरच्या काठाला लागलो. सौभाग्यवतींच्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवाची तयारी चालू होती. तांबोशी नव्हती, पण दोन वेळच्या कालवणापुरते मासे होते. होडीला कुठेही गळती नव्हती.

आता होडी रोजच्या कामाला लागली आहे. पलीकडच्या बागेतले नारळ तिच्यातूनच येतात. पावसाळ्यापूर्वी ती धुऊन, वाळवून, तेल देऊन सावलीत पालथी घालायची. उन्हात राहिली तर तडकते. मुलालाही आता एकट्याने जायचे आहे. त्याला आईने एकच अट घातली आहे. परतीची वेळ कागदावर लिहून द्यायची आणि तो कागद देवघराशेजारच्या खिळ्याला लावूनच वल्हे उचलायचे. ही अट प्रत्येक घरात असावी.