जुन्या रेसिंग फ्रेमची ओळख: स्टिकर, शिक्के आणि आटे

जुनी रेसिंग सायकल हाती आली की नजर आधी स्टिकरवर जाते. 'रेनॉल्ड्स ५३१' दिसलं की भाव चढतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये आणलेलं हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद त्या मानाला पात्र आहेच. पण फ्रेमला पुन्हा रंग देता येतो आणि स्टिकर नवे मिळतात. अस्सल स्टिकरही पूर्ण वाचावा लागतो. काहींवर फक्त तीन मुख्य नळ्याच ५३१च्या असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणजे फोर्क आणि मागच्या बारीक नळ्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरी चूक मागच्या चाकाच्या खाचेपाशी होते. तिथे 'कॅम्पानोलो' असं कोरलेलं असलं की 'फ्रेम कॅम्पानोलोची' असं ठरवलं जातं. व्हिचेन्झाच्या या कंपनीने ते पोलादी तुकडे बनवले, आणि ते कितीतरी वेगवेगळ्या कारागिरांनी आपापल्या फ्रेमना लावले. फ्रेम कोणाची हे त्यावरून कळत नाही. कारागिराने चांगला माल वापरला, एवढंच कळतं.

नळ्या जिथे मिळतात तिथल्या पोलादी बाह्यांना लग म्हणतात. लग असले की फ्रेम उंची, हाही गैरसमजच. स्वस्त सायकलींनाही लग असत. उलट लगशिवाय पितळ भरून, कानशीने घासून गुळगुळीत केलेला जोड हे फार कष्टाचं हातकाम आहे. दोन्हीकडे वेल्डिंग नसून ब्रेझिंग असतं: पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळतो, नळी वितळत नाही.

नळीची खरी करामत आत दडलेली असते. बाहेरून ती एकसारखी दिसते, पण जोडापाशी जाड आणि मधे पातळ असते. कोलंबस एसएल नळीत टोकाला ०.९ आणि मधे ०.६ मिमी. बोटाने हे कळणार नाही, सीटपोस्टने कळतं. सीटखालची नळी वरच्या टोकाला पातळच ठेवतात. बाहेरून २८.६ मिमी असलेल्या त्या नळीत २७.२ मिमीचा सीटपोस्ट नीट बसला, तर नळी पातळ आणि चांगल्या प्रतीची. २६ च्या आसपासचा बसत असेल तर ती जाड आणि जड. मात्र जुनी फ्रेंच नळी बाहेरून २८ मिमीच असते, म्हणून आधी व्हर्नियरने बाहेरचं माप घ्यावं. नाहीतर चांगली फ्रेंच फ्रेम भंगारात जाईल.

शेवटी पेडलच्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या कण्याचं घर, म्हणजे बी.बी. शेल. इंग्लिश शेल ६८ मिमी रुंद, आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. इटालियन ७० मिमी रुंद, आट्यांचा व्यास ३६ मिमी, दोन्ही बाजूंचे आटे सरळ. म्हणून '३६ मिमीचे आटे म्हणजे इटालियन फ्रेम' असं म्हटलं जातं. पण इंग्लिश आटे झिजले की दुरुस्तीसाठी तेच मोठे कापून ३६चे करतात. आटे ३६चे आणि शेल ६८ मिमीच रुंद असेल, तर समोर बहुधा दुरुस्त केलेली इंग्लिश फ्रेम आहे.