कान्हेरीचें अंगण

भिंती उभारल्यावर त्यांच्या पुढें जी मोकळी जागा राहते तें अंगण, अशी घर बांधणाऱ्या गृहस्थाची समजूत असते. मुंबईजवळ, बोरिवलीच्या रानांतील कान्हेरीच्या डोंगरावर मात्र अंगण आधीं झालें आणि घर त्याच्या मागून आलें. उतरत्या खडकांत लेणें खोदावयाचें तर प्रथम एक उभा कडा मिळविला पाहिजे. त्यासाठीं पाथरवटांनीं उतार कापून काढला. कापल्यावर पायथ्याशीं जी सपाट भुई उरली तेंच अंगण. मग ओसरी, आणि ओसरीच्या मागें भिक्षूची खोली. येथें कांहीं रचावयाचें नव्हतें, सारें वजाच करावयाचें होतें. आणि एकदां काढलेला दगड पुन्हां जागीं बसविण्याची सोय नव्हती. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलें हें काम जवळजवळ हजार वर्षें चाललें, आणि शंभरांहून अधिक लेणीं तयार झालीं.

भिक्षु तर नित्य फिरते. त्यांना अंगण कशाला हवें होतें? त्याचें उत्तर पावसाळ्यांत आहे. नुकतें उगवलेलें गवत व बारीकसारीक जीव भिक्षूंच्या पायांखालीं चिरडले जातात, असा आक्षेप लोकांनीं घेतला. त्यावरून पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणीं राहावें, असा नियम झाल्याचें विनयपिटकांत सांगितलें आहे. म्हणजे हा निवास रानापासून भिक्षूचें रक्षण करण्यासाठीं जेवढा होता, तेवढाच भिक्षूच्या पावलांपासून रानाचें रक्षण करण्यासाठीं होता.

हे महिने धो धो पावसाचे. अंगणाची खरी परीक्षा तेथेंच होती, आणि कान्हेरीच्या कारागिरांची दृष्टि तेथेंच दिसते. कातळावर पन्हळी खोदून उतारावरचें पाणी वळवून घेतलें आहे, तें अंगणाच्या कडेला कोनाड्यांतल्या टांक्यांत उतरतें. अंगणांतला चिखल टळला आणि उन्हाळ्याची बेगमीहि झाली. अशा टांक्याला तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलें आहे. एका लेखांत दात्यानें लेण्याबरोबर पाण्याची पोढी, बसण्याच्या पेढ्या आणि चंक्रम, म्हणजे चिंतन करीत येरझारा घालण्याची जागा, यांचीहि नोंद केली आहे. नक्षीचा उल्लेख नाहीं. बसण्याचा आणि चालण्याचा आहे. आज बागबगीचे आंखणाऱ्यांनीं ही यादी एकदां तरी डोळ्यांखालून घालावी. दाते पुष्कळसे कल्याण, सोपारा अशा बंदरांतले व्यापारी होते. बाजाराच्या गलबल्यांत मिळविलेला पैसा त्यांनीं या शांततेसाठीं खर्चिला.

त्या काळीं रान आजच्यापेक्षां दाट असलें पाहिजे, श्वापदेंहि अधिक. तरी अंगणाच्या दरीकडील बाजूस तटबंदी नाहीं. लाकडी दार बसविण्याच्या खांचा दिसतात त्या आंत, खोलीच्या चौकटीला. यावरून असा तर्क करण्यास हरकत नाहीं कीं, माणसानें आपल्यापुरती खोली बंद केली आणि अंगण दोघांसाठीं मोकळें ठेवलें.

हें रान आज सुमारें १०४ चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबई आणि ठाणें यांनीं तें जवळजवळ वेढलें आहे. तरी त्यांत चितळ, सांबर आणि बिबटे राहतात. १८६० मध्यें पुरा झालेला विहार आणि १८७९ मधला तुळशी, हे मुंबईला पाणी देणारे तलाव याच डोंगरांच्या कुशींत आहेत. लेण्यांचीं अंगणें अजून शाबूत आहेत, पण त्यांची व्यवस्था नाजूक आहे. कान्हेरीचा खडक भरड. पाणी मुरलें कीं झिजतो. पन्हळींत पालापाचोळा आणि सहलीच्या मंडळींनीं टाकलेल्या पिशव्या अडकल्या, कीं पाणी टांक्याऐवजीं ओसरीकडे वळतें. दोन हजार वर्षांपूर्वींची युक्ति बुजवावयास एवढेंहि पुरतें. दुसरी गोष्ट माकडांची. हौसेनें दिलेल्या चण्याफुटाण्यांमुळें तीं माणसाच्या हातावर नजर ठेवूं लागतात, आणि पुढें हिसकावूं लागतात. मग त्यांना हांकलण्यासाठीं आरडाओरड होते, आणि ज्या बाकावर निवांत बसण्यासाठीं मंडळी शहरांतून आलेलीं असतात तो बाक सोडून तींच उठून जातात.

सायंकाळीं उद्यान पाहुण्यांना बंद होतें. अंधार पडण्यापूर्वीं सर्वांना खालीं उतरावें लागतें, आणि अंगणें पुन्हां रानाच्या स्वाधीन होतात.